बेगमीचे गणित

(आमगाव, जि. गोंदिया येथे नोकरी-व्यवसाय करणाऱ्या पालकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



छत्रपती शिवाजी महाराजांचे एक पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. काळ राज्याभिषेकाच्या आसपासचा. घोडदळाचा तळ चिपळूण परिसरात पडलेला आणि पावसाळा तोंडावर आलेला. तळावरील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांनी बजावले की, दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने द्या. आज आहे म्हणून मनमानी खर्च कराल, तर ऐन पावसात काहीच मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुमची माणसे कुणब्याच्या घरात शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. मोगल मुलुखात आले त्याहूनही तुमचा उपद्रव अधिक, असे रयत म्हणेल. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतका बारीक तपशील त्या पत्रात आहे.

हे पत्र बहुतेक वेळा महाराजांच्या रयतेविषयीच्या कळवळ्याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील कार्यकारणभाव सहसा कोणी उलगडून दाखवत नाही. सैनिक रयतेला लुबाडतील, ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर कोठाराचा हिशेब चुकला म्हणून. नियोजन एकाचे चुकते आणि किंमत दुसरा मोजतो. तीही जो सर्वांत दुबळा, ज्याला नाही म्हणता येत नाही, तो मोजतो. स्वराज्याच्या संस्थापकाने उंदीर आणि वात यांचा विचार करावा, यात त्याला कमीपणा वाटला नाही. मग घरातील तेल-मिठाचा विचार करणे हे क्षुल्लक काम आहे, ते बायकांकडे सोपवून मोठ्या गोष्टी बोलाव्यात, ही समजूत आपल्याकडे कोठून आली?

आमगावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. अशी घरे आज येथे शेकड्यांनी आहेत. पती गोंदियात नोकरीला, सकाळच्या गाडीने जाणार आणि संध्याकाळच्या गाडीने परतणार. पत्नी शाळेत शिक्षिका किंवा रुग्णालयात परिचारिका. मुले दोन, एकाची शाळा सकाळची, दुसऱ्याची दुपारची. सासूबाईंचे गुडघे दुखतात. संध्याकाळी सात वाजता ती माउली स्वयंपाकघरात शिरते आणि तिच्या लक्षात येते की, तुरीच्या डाळीचा डबा रिकामा आहे. मुलाला चौकातल्या दुकानात पिटाळले जाते. तो पाव किलो डाळ आणतो आणि उरलेल्या पैशांतून दोन रंगीत पुड्या. त्या पुड्या खाऊन झाल्यावर त्याला जेवण नको असते. दुसऱ्या दिवशी साखर संपते, तिसऱ्या दिवशी हळद. या धावपळीत रोज सरासरी तीस रुपये अनावश्यक जातात असे धरले, तरी महिन्याला नऊशे आणि वर्षाला दहा हजार आठशे रुपये होतात. परंतु पैशांची गळती ही या प्रकरणातील लहान गळती आहे. रोज संध्याकाळी त्या घरात एक चिडचिड जन्माला येते, आणि ती कोणाच्या तोंडून बाहेर पडते व कोणाच्या अंगावर जाते हे सर्वांना ठाऊक आहे. गृहिणीच्या चिडचिडेपणावर विनोद करणाऱ्यांनी तो रिकामा डबा एकदा पाहावा.

वास्तविक ज्या भूमीत हे घर उभे आहे, त्या झाडीपट्टीला बेगमी शिकवावी लागू नये. भवभूतीचे जन्मस्थान म्हणून ज्या पद्मपूरचे नाव आमगावकर अभिमानाने सांगतात, त्या परिसरात शेकडो वर्षे माणसे एका पिकावर वर्षभर जगत आली. आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे हलक्या धानाची कापणी, त्यानंतर भारी धान. धान घरात येई ते एकदाच, आणि खायचे ते बारा महिने. म्हणून प्रत्येक घरात बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीने सारवलेली कणगी किंवा कोठी असे. घरच्या कर्त्या स्त्रीला कोठीत हात घातल्याबरोबर कळे की, हे धान आखाडापर्यंत जाईल की नाही. बियाण्याचे धान वेगळे, खाण्याचे वेगळे, बलुत्याचे वेगळे, पाहुण्यारावळ्यांचे वेगळे. मंडईला गावात पाहुणे येणार, रात्री दंडार किंवा नाटक होणार, दोन दिवस घर माणसांनी भरून जाणार, हे आधीच धरलेले असे. आज त्याला नियोजन म्हणतात आणि त्याची प्रशिक्षणे होतात.

या व्यवस्थेतील जाण केवळ सवयीची नव्हती, शास्त्रशुद्ध होती. तांदूळ करून ठेवला तर त्याला लवकर कीड लागते. धान मात्र टरफलामुळे सुरक्षित राहते. म्हणून साठवायचे ते धान, आणि भरडून आणायचे ते महिन्या-दोन महिन्यांपुरते. उन्हात कडक वाळविल्याशिवाय काहीही कोठीत जात नसे, कारण दाण्यातला ओलावा हाच किडीचा आणि बुरशीचा निम्मा आधार. धानाच्या कापणीपूर्वी बांधीतील ओलीवर लाखोळी आणि जवस टाकले जाई, धुऱ्यावर तूर असे. डाळीची आणि तेलाची तरतूद अशी शेतातच व्हायची. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवणे, धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, उन्हाळ्यात कोहळ्याच्या वड्या, सरगुंडे, पापड, कुरडया घालून पावसाळ्यातील भाजीच्या तुटवड्याची सोय करणे, ही सारी एका मोठ्या वेळापत्रकाची अंगे होती. पावसाळ्यात बाजारात भाजी महाग होते ही तक्रार आज दरवर्षी नव्याने होते. आजीला ती बातमी वाटली नसती.

प्राचीन ग्रंथकारांनीही हा विषय हलका मानलेला नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना दोन नियम दिले आहेत, ते कोणत्याही स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. साठ्याचा अर्धा भाग जनपदावरील आपत्तीसाठी राखून ठेवावा आणि अर्धाच वापरावा, हा एक. नवे धान्य आले की जुने त्याच्या जागी आधी खर्ची टाकावे, हा दुसरा. आधुनिक गोदामांत जुना माल आधी बाहेर काढण्याची जी पद्धत शिकवली जाते, ती हीच. वात्स्यायनाने तर गृहिणीचे कर्तव्य सांगताना वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज घेऊन त्यानुसार खर्च करावा, मीठ, तेल आदी वस्तू योग्य वेळी घेऊन साठवून ठेवाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. वार्षिक अंदाजपत्रक हा शब्द पाश्चात्त्य अर्थशास्त्राबरोबर आला असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. स्त्रीकडे घराच्या तिजोरीचे आणि खर्चाचे अधिकार असावेत, ही कल्पना त्यात गृहीत आहे हेही विसरू नये.

त्याचबरोबर दुसरी बाजूही परंपरेत आहे. मनुस्मृतीत गृहस्थ ब्राह्मणाचे धान्यसाठ्यावरून चार प्रकार सांगितले आहेत: कोठारभर धान्य असलेला, मडकेभर असलेला, तीन दिवसांपुरते असलेला आणि उद्यापुरतेही नसलेला, आणि यांतील नंतरचा प्रत्येक आधीच्यापेक्षा श्रेष्ठ मानला आहे. हे आजच्या संसारी माणसाने शब्दशः आचरावे असे कोणी म्हणणार नाही. उद्याच्या डब्याची सोय नसलेल्या आईला त्यामुळे मोठेपण लाभत नाही. परंतु साठा करण्यालाही एक मर्यादा आहे, ही जाणीव त्यामागे आहे, आणि ती मोलाची आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तर भारतात मीठ संपणार अशी अफवा उठली आणि तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात लोकांनी मिठासाठी दुकानांपुढे रांगा लावल्या, चढ्या भावाने पोती उचलली. ती बेगमी नव्हती, ते भय होते. बेगमी शांत चित्ताने, हंगामात आणि गरजेपुरती होते; साठेबाजी घाईने होते, टंचाईत होते आणि शेजाऱ्याच्या ताटातून होते.

हंगामाचे महत्त्व कळण्यासाठी २०१५ सालची आठवण पुरे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. ज्या घरांनी माघ-फाल्गुनात, नवी तूर बाजारात येताच वर्षाची डाळ करून ठेवली होती, त्यांच्या वरणात त्या दिवाळीत फरक पडला नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, त्याआधीच प्रवासी गाड्या थांबल्या होत्या. मुंबई-हावडा मार्गावर रात्रंदिवस गाड्यांचा आवाज ऐकणारे हे गाव एकाएकी स्तब्ध झाले. त्या दिवसांत ज्यांच्या घरी धान होते, त्यांना स्वतःची चिंता नव्हती, आणि म्हणूनच ते इतरांची करू शकले. देशभर स्वयंसेवकांनी घरोघर शिधा पोहोचवला, तो शेवटी कोणाच्या तरी भरलेल्या कोठीतूनच आला होता. गोव्यात पणजीला १९०८ साली मुष्टिफंड संस्था उभी राहिली, ती घरोघरच्या मूठमूठ तांदळावर शाळा चालविण्याच्या कल्पनेतून. तिचे नावच त्याची साक्ष आहे. रोजच्या शिजवणीतून एक मूठ बाजूला काढता येते ती घरात तांदूळ मोजून शिजतो तेव्हाच.

आता थोडे प्रत्यक्ष गणित. चौघांच्या घरात दोन्ही वेळच्या भाताला मिळून साधारण साडेसहाशे ग्रॅम तांदूळ लागतो असे धरू. महिन्याला वीस किलोच्या आत, वर्षाला दोनशे चाळीस किलोच्या आसपास. शासकीय भरडाईत एक क्विंटल धानामागे सदुसष्ट किलो तांदूळ हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने वर्षाचा तांदूळ म्हणजे साडेतीन-पावणेचार क्विंटल धान. ज्यांची थोडीफार शेती आहे त्यांनी हे धान विक्रीला नेण्यापूर्वीच बाजूला काढावे. सारे धान खरेदी केंद्रावर घालून नंतर दुकानातून पिशवीबंद तांदूळ घेणारी शेतकऱ्याची घरे आज या जिल्ह्यातही दिसतात, याला काय म्हणावे? ज्या मातीत चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्यासारख्या अल्पशिक्षित शेतकऱ्याने आपल्या बांधीतील वेगळी लोंबी हेरून एचएमटीसारखे वाण सिद्ध केले, त्या मातीतल्या लोकांनी चकचकीत पिशवीवरील चित्र पाहून तांदूळ निवडावा, हे शोभत नाही. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांचे वाण मात्र आजही असंख्य घरांत शिजते.

डाळीचे तसेच. रोज एकशे वीस ग्रॅम धरली तर वर्षाला चव्वेचाळीस किलो. ती एकदम घेण्याइतके पैसे हाताशी नसतील तर दोन हप्त्यांत घ्यावी. मिरची, हळद, धने, चिंच, गूळ यांचे वर्षाचे किंवा सहा महिन्यांचे काम उन्हाळ्यातच उरकावे. मात्र सारेच वर्षाचे भरावे असा आग्रह धरू नये. कणीक पंधरा दिवसांच्या वर नको. रवा-बेसन पावसाळ्यात जाळी धरते, म्हणून थोडेच आणावे, रवा आणल्यावर कोरडा भाजून ठेवावा. तेल महिन्याचे पुरे. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या तरुण जोडप्याला वर्षाच्या कोठ्यांचा उपदेश करणे हा निव्वळ शब्दच्छल होईल. त्यांच्यासाठी महिन्याची यादी हीच कोठी.

महिन्याच्या यादीची परंपराही मराठी मध्यमवर्गाची स्वतःची आहे. पगाराच्या तारखेला वडील कागद-पेन घेऊन बसत, आई आतून एकेक जिन्नस सांगे आणि यादी वाण्याकडे जाई. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, १९७३ पासून घराघरांत आलेल्या त्या दिनदर्शिकेवर, दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, किराणा भरल्याचा दिवस टिपलेला असे. त्या चौकोनांत एका घराचा संपूर्ण उपभोगाचा इतिहास सामावलेला असे. सिलिंडर किती दिवस जातो हे ज्या घराला ठाऊक आहे, त्या घराला साखर किती दिवस जाते हेही ठाऊक असते. ही नोंद थांबली तेथून अंदाज सुटला, आणि अंदाज सुटला तेथून दुकानाच्या फेऱ्या वाढल्या. मोठ्या शहरांत आता भ्रमणध्वनीवर बोट ठेवताच दहा मिनिटांत सामान दारात येते. ही सोय आहे यात शंका नाही. आजारपणात, अडचणीत तिचा उपयोगही होतो. पण विसरभोळेपणाला सोय पुरवून त्याची सवय लावणे हा त्या व्यवसायाचा पायाच आहे, हे ओळखून राहिले पाहिजे.

शेतकरी कुटुंबाची अडचण आणखी वेगळी आहे. नोकरदाराला पैसा दरमहा येतो, शेतकऱ्याला धान विकल्यावर, आणि त्याचे चुकारे हाती पडेपर्यंत अनेकदा महिने जातात. मधल्या काळात किराणा उधारीच्या खात्यावर. उधारीवर व्याज लिहिलेले नसते, पण ते भावात मिसळलेले असते, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला माल निवडण्याचा हक्क नसतो. म्हणून अशा घराने धानाचे पैसे आल्यावर पहिले काम कोणते करावे, तर येत्या आषाढ-श्रावणाचा किराणा, म्हणजे टिकाऊ जिन्नस, रोखीने घेऊन टाकावेत. त्या काळात हात सर्वांत आखडता असतो आणि रोवणीचा खर्चही तेव्हाच असतो. दुकानदार याला विरोध करीत नाही. रोखीच्या आणि आगाऊ यादीच्या गिऱ्हाइकाला तो चार पैसे सोडूनच देतो. गावातील किराणा दुकानदार हा शत्रू नव्हे. अडीअडचणीला रात्री दार उघडणारा तोच असतो. त्याला आदल्या दिवशी यादी द्यावी, म्हणजे त्यालाही सवडीने, नीट वजन करून सामान काढता येते.

याच विचाराला महाराष्ट्राने एकदा संघटित रूप दिले होते, आणि ते आजही चालू आहे. १९७२ च्या दुष्काळानंतरची वर्षे टंचाईची आणि महागाईची होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. विचारांचे मतभेद कितीही असोत, त्या लाटण्यांमागचा संताप खरा होता. त्याच काळात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली गेली आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेले सुधीर फडके, सर्वांचे बाबूजी, या कामात अग्रभागी होते. गीतरामायणाच्या गायकाने डाळ-तांदळाच्या वाटपात लक्ष घालावे याचे कोणाला आश्चर्य वाटले असेल. ज्यांना समाजकार्याची ओळख आहे त्यांना वाटले नसेल.

पंचायतीची पद्धत साधी होती. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात. प्रत्येक कुटुंब पुढच्या महिन्याची मागणी आगाऊ लिहून देते. साऱ्या संघांच्या मागण्या एकत्र होतात, माल घाऊक प्रमाणात, शक्यतो उत्पादकाकडून खरेदी होतो, ठरलेल्या दिवशी एका सभासदाच्या घरी येतो आणि सभासदच तो वाटून घेतात. भाव कमी, वजन पुरे, माल पारखलेला. परंतु या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ कोणत्याही पावतीवर दिसत नाही. महिनाभर आधी मागणी लिहायची म्हटल्यावर घरात विचार करावाच लागतो. काय लागते, किती लागते, गेल्या महिन्यातील किती उरले, हे पाहावेच लागते. आजच्या ग्राहक चळवळीची ओळख न्यायमंचाने होते, १९८६ च्या आणि नंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने होते; तिची एक महत्त्वाची शाखा मात्र स्वयंपाकघरातील यादीतून वर आलेली आहे.

आमगावात असे करता येईल का? मुंबईसारखी मोठी यंत्रणा येथे लगेच उभी राहणार नाही, आणि तिची गरजही नाही. एका गल्लीतील सहा-सात कुटुंबांनी मिळून वर्षातून दोनदा, एकदा तूर आणि एकदा मिरची-हळद, ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेतली तरी आरंभ झाला. यात अडचणी येतात त्या आधीच ओळखाव्यात. पैसे आगाऊ कोण गोळा करणार, माल कोणाच्या ओसरीवर उतरणार, तराजू कोणाचा, तूट आली तर ती कोणी सोसायची. असे उपक्रम भावनेच्या भरात सुरू होतात आणि दोन किलोच्या तुटीवरून मोडतात. वहीत पहिल्या दिवसापासून लिहिले की मोडत नाहीत.

राहता राहिला घरातील प्रश्न, आणि खरे अवघड काम तेच आहे. यादी लिहिणे सोपे, यादी डोक्यात वागविणे अवघड. आज बहुतेक घरांत सामान आणण्याचे काम पुरुष करतात, हे मान्य केले पाहिजे. पण काय संपले, केव्हा संपेल, मुलाच्या डब्याला परवा काय, सासऱ्यांच्या पथ्याला काय, एकादशीला साबुदाणा आहे का, हे सारे एकाच डोक्यात चोवीस तास फिरत असते. पिशवीचे ओझे दिसते, या विचाराचे दिसत नाही. व्यासपीठावरून स्त्रीला अन्नपूर्णा म्हणणाऱ्या कितीजणांना आपल्या घरात महिन्याला तेल किती लागते हे सांगता येईल? अन्नपूर्णेच्या दारी स्वतः शंकर भिक्षापात्र घेऊन उभा राहतो. आपल्याकडील कित्येक शंकर ताटावर बसून मीठ कमी म्हणतात. कुटुंब प्रबोधनाच्या कामात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावे, एकत्र भोजन व भजन करावे, गप्पा कराव्यात असे सांगितले जाते. त्या बैठकीतील पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत. त्यात घरातील पुरुषाने वही धरावी, गृहिणीने नव्हे. डबे मुलांनी उघडून पाहावेत. आठवड्यातील सहा संध्याकाळचे जेवण तेथेच ठरवावे. सातवी मोकळी ठेवावी, कारण शिळे-उरलेले संपवण्यालाही एक वार लागतो. कडधान्य कोणत्या रात्री भिजवायचे हे त्यात आपोआप येते आणि भिजवण्याची जबाबदारी दहा वर्षांच्या मुलाला खुशाल देता येते.

मुलांचा सहभाग हा काही कामाचा बोजा हलका करण्यापुरता नाही. पाकिटांचा आकार तोच ठेवून आतले वजन हळूच घटवण्याची युक्ती आता सर्रास झाली आहे. त्यावर उपाय म्हणून वेष्टनावर प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर किंमत छापण्याचा नियम लागू झाला. ती बारीक अक्षरांतील ओळ वाचून दोन पाकिटांची तुलना मुलाला करायला लावावी. त्रैराशिक त्याला वर्गात जितके कळणार नाही तितके तेथे कळेल, आणि आपण ज्या रंगीत पुडीसाठी हट्ट धरतो तिच्यातील बटाटा किलोला किती रुपये पडतो, हा हिशेब त्याने एकदा स्वतः केला की पुष्कळ उपदेश वाचतो. आठवडी बाजारातही त्याला न्यावे. आईने भेंडीचे टोक मोडून का पाहिले, हे पुस्तकात नसते.

पहिल्याच महिन्यात यादी अचूक होईल अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये. पहिल्या महिन्यात साखर उरेल, पोहे कमी पडतील. म्हणून आरंभी यादी न करता फक्त नोंद करावी. कोणता डबा कोणत्या तारखेला भरला आणि कोणत्या तारखेला तळ दिसला, एवढेच दिनदर्शिकेवर लिहावे. तीन महिन्यांत घराचे माप हाती येते. त्यावर पाहुण्यांचे आणि सणांचे वेगळे धरावे: पोळा, गणपती, नवरात्र, दिवाळी आणि तिच्यामागोमाग येणारी मंडई. येत्या हंगामात हलके धान घरात आले की खाण्याचे साडेतीन क्विंटल आधी मोजून, दोन दिवस उन्हात घालून, कोठीत टाकावे आणि कोठीच्या दारावर खडूने तारीख लिहावी. विक्रीची पोती त्यानंतर शिवावीत.